पावसाळ्यानंतर मिसिंग मारणारी जुनी गाडी: स्क्रूला हात लावण्याआधी

पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी किंवा अँबेसेडर नवरात्राच्या सुमारास काढली की थरथरते, मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही. लगेच कार्ब्युरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्क्रू फिरवायला घेऊ नका. खाऱ्या, दमट हवेत आधी बिघडतं ते करंटचं काम, म्हणजे प्लगपर्यंत ठिणगी पोचवणारी यंत्रणा. कार्ब्युरेटर शेवटी.

फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), २१चा प्लग पाना, मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर, कोरडं सुती फडकं आणि एक पारदर्शक बाटली जवळ ठेवा. प्लग, तसंच डेल्कोचे (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि टोपी, आधीच मागवा. गुहागरात रविवारी यातलं काही मिळेल या भरवशावर राहू नये.

उभ्या गाडीची बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग मल्टिमीटरची एक तार इंजिन ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थिंग गंजलंय. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, आवळून वर व्हॅसलिन लावा.

डेल्कोची टोपी उजेडात आतून बघा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर टोपी बदला. पुसून ती जात नाही आणि करंट तिच्यावरूनच पळतो. नुसता दमटपणा असेल तर फडक्याने पुसून सुकवा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवलं तर फुटलेल्या प्लग वायरवर निळी ठिणगी दिसते. वायरी काढल्या असतील तर क्रम १-३-४-२, दोन्ही गाड्यांना तोच.

पॉइंटची (डेल्कोतली उघडझाप करणारी करंटची टोकं) गॅप, ती कॅमच्या (डेल्कोतला फिरणारा दांडा) उंचवट्यावर पूर्ण उघडलेली असताना मोजायची: पद्मिनीला सुमारे ०.४५ मिमी, अँबेसेडरला ०.४०च्या आसपास. एका पॉइंटवर टेकाड, दुसऱ्यावर खड्डा पडला असेल तर नुसता पॉइंट बदलून भागत नाही, कंडेन्सरही बदला. गॅप हलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) हलतं, ते पुन्हा लावा.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडून थोडं पेट्रोल बाटलीत घ्या, पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर टाकी रिकामी करणं आलं. जुने रबरी पाइपही दाबून बघा. मऊ, चिकट लागले तर बदला. गाडी दोन-चार किलोमीटर नीट धावून मग गुदमरते आणि टाकीचं झाकण उघडताच सुधारते? टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का बघा. कोकणात ते नवल नाही.

इतक्यावरही एकच सिलिंडर मेला असेल तर त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने मोजा. कमी भरलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा: वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

सगळं ठीक निघालं तरच कार्ब्युरेटर. सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. बारीक जुळवणी इंजिन तापल्यावर, चोक पूर्ण उघडा आणि एअर फिल्टर बसवलेला असताना.