स्विमिंग पूलचं पाणी कुठून जातंय? टाइल्स फोडण्याआधी गळती शोधण्याची रीत

पूलचं पाणी उतरू लागलं की पहिला सल्ला मिळतो तो टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करण्याचा. थांबा. घरगुती पूलमध्ये काँक्रीट फुटण्यापेक्षा जोड सुटण्याचा संभव जास्त: स्किमरचं (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीचं) तोंड, इनलेटची (फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाची) कडी, दिव्याची खोबण, पंपरूममधला व्हॉल्व्ह. ही सगळी ठिकाणं एकही टाइल न काढता तपासता येतात. बादली, पट्टी, पेन्सिल, मास्किंग टेप, खाण्याचा लाल रंग, बिनसुईची 10 मिलिची सिरिंज आणि चार-पाच कोरडे दिवस, एवढं हाताशी असलं की कामाला लागा.

आधी खात्री: गळती की बाष्पीभवन

मार्च ते मे या काळात गोव्यात उघड्या पूलचं पाणी उन्हावाऱ्याने रोज साधारण 4 ते 6 मिमी उतरतं. धबधबा किंवा कारंजं चालू असेल तर त्याहून जास्त. हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर. 8 × 4 मीटरच्या पूलमध्ये 5 मिमी म्हणजे दिवसाला 160 लिटर, आणि ते हवेत जाणारच. पण त्याच पूलमध्ये रोज 25 मिमी उतरत असेल तर 800 लिटर जातात. 10,000 लिटरचा टँकर बारा-तेरा दिवसांत संपतो.

आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद करा. गळती महिनोन्‌महिने लपते ती याच्यामुळेच. पातळी हलत नाही, म्हणून कुणाला काही कळतच नाही.

आता बादली. फिकट रंगाची घ्या, गडद बादलीतलं पाणी उन्हात जास्त तापतं. तळाशी एक दगड ठेवून ती पूलच्या दुसऱ्या पायरीवर बसवा आणि पूलचंच पाणी असं भरा, की आतली आणि बाहेरची पातळी सारखी येईल. दोन्ही पातळ्यांवर टेप लावून पेन्सिलीने रेघ मारा. पंप बंद, पोहणं बंद, बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) बंद. 24 तासांनी त्याच वेळी मोजा. बादलीत 5 मिमी आणि पूलमध्ये 6 मिमी उतरलं तर काळजी नको, कारण बादलीच्या कडा थोडा वारा अडवतात. फरक 3 मिमीच्या वर गेला तर पाणी गळतंय.

मिठावर चालणारा क्लोरिनेटर असेल तर आणखी एक पुरावा हाताशी असतो. बाष्पीभवनात मीठ उडत नाही. बॅकवॉश नाही, पाऊस नाही, तरीही मीठ सारखं कमी पडत असेल, तर ते पाण्याबरोबर बाहेर जातंय.

पंप चालू, पंप बंद

दुसऱ्या दिवशी हीच चाचणी पंप नेहमीइतके तास चालवून करा. पंप चालू असताना जास्त पाणी जात असेल तर संशय दाबाच्या बाजूवर, म्हणजे फिल्टरपासून इनलेटपर्यंतच्या पाइपवर किंवा वेस्ट लाइनवर (बॅकवॉशचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवर) घ्या. पंप बंद असताना जास्त जात असेल तर सक्शनचा, म्हणजे पूलमधून पंपाकडे पाणी ओढणारा, पाइप पाहा: पंप चालू असताना तो चिरेतून हवा ओढतो, बंद झाला की त्याच चिरेतून पाणी सोडतो. दोन्ही दिवस आकडा सारखा आला तर बहुतेक दोष पूलच्या भिंतीत, तळात किंवा तिथल्या फिटिंगमध्ये असतो.

पंपरूममध्ये अर्धा तास

पाण्यात उतरण्याआधी इथे या. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा हँडलचा व्हॉल्व्ह) ‘फिल्टर’वर ठेवून पंप चालवा आणि वेस्ट पाइपचं टोक बघा. तिथे एक थेंबही यायला नको. पाणी येत असेल तर व्हॉल्व्हच्या आतली चाकासारखी रबरी गॅस्केट गेली आहे. पंप चालू असतानाच हँडल फिरवलं की ती दुमडते किंवा फाटते, म्हणून हँडलला हात लावण्याआधी पंप बंद, हे माळ्यालाही सांगून ठेवा. बऱ्याच घरांत वेस्ट पाइप जमिनीखालून थेट शोषखड्ड्यात जातो आणि गळणारं पाणी कुणाच्याच नजरेला पडत नाही. अशा वेळी युनियन (पाइपचा खोलता येणारा जोड) उघडून किंवा चेंबरचं झाकण काढून पाहावं लागतं.

पंपाखाली ओल किंवा पांढरट थर दिसला तर शाफ्ट सील तपासा. पंपाच्या कचरा अडवणाऱ्या बास्केटच्या पारदर्शक झाकणाखाली हवा साचत असेल आणि इनलेटमधून बुडबुडे येत असतील तर सक्शनला हवा लागते आहे. बहुतेक वेळा दोषी असते ती झाकणाची ओ-रिंग. ती पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेलीने काही रबरं फुगतात. तरीही बुडबुडे राहिले तर सक्शनच्या एकेका जोडावर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल, तो जोड सैल आहे.

पाणी कुठे येऊन थांबतं?

कोरड्या ऋतूत पंप बंद ठेवून पाणी आपोआप उतरू द्या आणि रोज सकाळी रेघ मारा. समजा आकडे 14, 14, 13 आणि मग एकदम 5 मिमी असे आले. चौथ्या दिवशी पाण्याची पातळी ज्या उंचीला आहे, गळती तिथेच किंवा किंचित वर आहे. स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेला थांबलं तर स्किमर आणि काँक्रीटमधला जोड. इनलेटच्या उंचीला थांबलं तर इनलेटची कडी किंवा तिच्यामागचा पाइप. दिव्यापाशी थांबलं तर खोबण किंवा वायरीचं कंड्युइट (वायर जाते ती नळी). दिव्याच्याही खाली उतरत राहिलं तर मुख्य ड्रेन, तळ, किंवा तळ आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा.

स्किमरच्या खाली पाणी गेलं की पंप चालवू नका, कोरडा चालला की सील जळतं. आणि दिव्यापर्यंत उतरूनही थांबत नसेल तर पुढे वाट पाहू नका, पूल पुन्हा भरा. रिकामा पूल धोक्याचा का, ते खाली येतंच.

रंगाची चाचणी

सगळ्यात अचूक उत्तर इथेच मिळतं, म्हणून घाई करू नका. पंप किमान तासभर आधी बंद करा आणि वारा सुटण्यापूर्वी, सकाळी लवकर पाण्यात उतरा. पाण्यातल्या दिव्यांचा एमसीबी आधी बंद, 12 व्होल्टचे दिवे असले तरीही. पूलच्या दिव्यांमुळे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर पाणी दिव्यातच शिरतंय असं धरून चला, इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत पाण्यात जाऊ नका.

सिरिंजमध्ये रंग भरा, टोक संशयित जागेपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा आणि एकच थेंब हळूच सोडा. हात हलवला की पाणी हलतं आणि रंग उगाच पसरतो. रंग तिथेच ढगासारखा तरंगत राहिला तर जागा चांगली आहे. धाग्यासारखा बारीक होऊन आत खेचला गेला तर गळती सापडली. क्रम असा ठेवा: स्किमरच्या तोंडाचे चारही कोपरे, प्रत्येक इनलेटची कडी, दिव्याचे स्क्रू आणि कंड्युइटचं तोंड, पायऱ्यांचे कोपरे, एक्स्पान्शन जॉइंट, आणि शेवटी ग्राउट निघालेल्या टाइल्स. नाण्याने ठोकल्यावर टाइल पोकळ वाजली म्हणजे ती गळते असं नाही, तिथेही रंगाचंच उत्तर माना. पोटॅशियम परमँगनेट वापरू नका, ग्राउटवर तपकिरी डाग राहतात.

स्किमरचा किंवा इनलेटचा जोड असेल तर पाण्याखाली घट्ट होणाऱ्या दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने काम भागतं. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा रंग सोडून पाहा.

पाइपची दाब चाचणी

रंगाने काही सापडलं नाही आणि पंप चालू-बंदचा आकडा पाइपकडे बोट दाखवत असेल तर प्लंबरकडून एकेक लाइन वेगळी तपासून घ्या. एक टोक रबरी प्लगने बंद करून लाइनमध्ये पाणी भरायचं, हवा काढायची, हातपंपाने 1.4 बारपर्यंत, म्हणजे सुमारे 20 पीएसआय, दाब द्यायचा आणि अर्धा तास काटा पाहायचा. काटा उतरला तर आधी प्लगच गळतोय का ते बघा, मग पाइपला दोष द्या. कंप्रेसरची हवा वापरायला देऊ नका. दाबलेल्या हवेत साठलेली शक्ती मोठी असते, प्लग सुटला तर गोळीसारखा येतो. पाण्याच्या चाचणीतही प्लगसमोर उभं राहू नका.

इन्फिनिटी पूल

इथे पाणी एका कडेवरून सांडत राहतं आणि गटारातून बॅलन्सिंग टँकमध्ये जमतं; हा टँक स्वतंत्र मोजल्याशिवाय निदान होत नाही. पंप बंद करून टँकचा व्हॉल्व्हही बंद करा, मग पूल आणि टँक दोन्हीकडे वेगवेगळ्या रेघा मारा. टँक उतरला तर टँक गळतोय. दोन्ही स्थिर राहिले आणि पाणी फक्त पंप चालू असतानाच कमी होत असेल तर कडेच्या गटारात रंग सोडून पाहा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) खराब असला की पंप थांबल्यावर पूलचं पाणी उलटं टँकमध्ये येतं आणि ओव्हरफ्लो पाइपने निघून जातं. लोक याला गळती समजून गटार फोडतात, प्रत्यक्षात बदलायचा असतो एक व्हॉल्व्ह.

चिऱ्याची जमीन आणि पावसाळा

जांभा, म्हणजेच चिऱ्याचा दगड, सच्छिद्र असतो. गळलेलं पाणी पूलशेजारी वर न येता खाली मुरतं आणि उतारावरच्या चिऱ्यांच्या बांधातून, कधी शेजाऱ्याच्या भाटातही (बागायतीतही), झिरपताना दिसतं. ते पूलचंच आहे का हे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने पाहता येतं. चिऱ्याच्या भागातल्या बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी सहसा कमी टीडीएसचं, तर मिठाच्या पूलचं 3,000 पीपीएमच्या वर. झिरपणाऱ्या पाण्याचा आकडा विहिरीपेक्षा बराच चढा असेल तर संशय पक्का. खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीजवळ) मात्र जमिनीतलं पाणीच खारं असतं, तिथे या कसोटीवर विसंबू नका.

जून ते सप्टेंबर बादलीची चाचणी नको, एक सर सगळा हिशेब बिघडवते. या दिवसांत पाणी उतरणं थांबलं म्हणून गळती बुजली असंही समजू नका. बाहेर जमिनीतलं पाणी चढलं की आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो, चीर आहे तिथेच असते. आणि पावसाळ्यात, किंवा पाऊस संपल्यावर लगेच, पूल कधीही रिकामा करू नका. खालून येणारा पाण्याचा दाब रिकामा फायबरग्लास पूल उचलतो, काँक्रीटचाही तडकवतो. शोधण्याचं काम पावसाआधी उरकलं नाही तर फ्लोट व्हॉल्व्ह बंदच ठेवा, पाणी हाताने भरून लिटरची नोंद वहीत ठेवा, आणि पाऊस थांबून जमीन वाळली की बादली पुन्हा दुसऱ्या पायरीवर बसवा.