मृगाचा पाऊस, कोलायची मर आणि अंड्यात उतरणारं औषध

पहिल्या सरी आल्या की विहिरीचं पाणी गढुळतं, पडदे पूर्ण बंद होतात आणि अंड्यावरच्या कोंबड्यांच्या (लेयर) शेडमध्ये कोलाय (ई. कोलाय जंतूचा आजार), सीआरडी (जुनाट श्वसनरोग) सुरू होते. प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिक) पाच दिवसांचा कोर्स दिला, मर थांबली. पण त्या पाच दिवसांची अंडी रोजच्यासारखी ट्रेमध्ये भरून नागपूरला गेली. दर पावसाळ्यात घोडं इथेच अडतं.

अंड्याचा पांढरा भाग दोन-तीन तासांत चढतो, पिवळा बलक मात्र 8 ते 10 दिवस थरावर थर घेत वाढतो. कोंबडीच्या पोटात एका वेळी असे अनेक लहान-मोठे बलक असतात. आज पाण्यातून गेलेलं एन्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक त्या सगळ्यांत उतरतं. कोर्स संपला तरी पुढच्या आठवड्याच्या अंड्यांत ते सापडतं, आणि उकडल्यानं पूर्ण जात नाही.

औषधानंतर किती दिवस अंडी विकायची नाहीत, ही मुदत लेबलवर नसेल तर नियमानं अंडी किमान 7 दिवस बाजूला ठेवायची. बलकाचा हिशेब पाहता आम्ही 12 धरा म्हणतो. मोजणी शेवटच्या डोसपासून नको, टाकी आणि निपलची (पक्षी ज्यातून पाणी पितात त्या तोट्यांची) लाईन धुतली त्या दिवसापासून करा. पाइपातल्या चिकट थरात औषध उरतं. औषध मिसळलेलं खाद्य फीडरच्या तळाशी राहिलं, तरी मोजणी परत एकपासून. तारीख शेडच्या दारावर खडूनं लिहा. लेबलवर ‘अंड्यावरील पक्ष्यांसाठी नाही’ असेल तर ते औषध घेऊच नका. बाजूला ठेवलेली अंडी बेकरीलाही देऊ नका, चुना टाकून पुरा.

दुकानदार ‘अंडी वाढतात’ म्हणून महिन्याला प्रतिजैविकाचा तीन दिवसांचा कोर्स गळ्यात मारतो. टॉनिकच्या पुडीवर घटक छापलेले नसतील तर परत करा. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर कोंबड्या-जनावरांसाठी 2019 पासून बंदी आहे, जुनी पाकिटं फेका. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक बोअरच्या जड पाण्यातल्या आणि लेयर खाद्यातल्या कॅल्शियमला चिकटतं, गुण कमी येतो. मग माणूस डोस दुप्पट करतो आणि दुकानदाराचं फावतं.

मर दिसताच ताजा मेलेला पक्षी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. कोणतं औषध लागू पडतं, ते तपासल्यावरच कोर्स.

या आठवड्यात:
- 1000 लिटर पाण्यात 10 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. पाण्यातून लस असेल तर आदल्या दिवसापासून बंद
- ओला मका बाजूला
- पाण्याची लाईन फ्लश (जोरानं पाणी सोडून धुणं)
- पहाटे शेडमध्ये अमोनिया वायूनं डोळे चुरचुरले तर वरचा पडदा हातभर उघडा, पाऊस असला तरी