गावात घरं किती? आजीच्या मास्तरकीतून मी काय शिकले

मार्च 2024 मध्ये शिक्षणसेवक म्हणून नियुक्तीचा आदेश हातात पडला. यवतमाळ जिल्हा, राळेगाव तालुका, दोन शिक्षकी शाळा, पट 19. बस कुठून सुटते, खोली मिळेल का, नेट चालतं का, हे सगळं मी विचारून ठेवलं होतं. आजीनं चष्मा लावून आदेश दोनदा वाचला आणि म्हणाली, "गावात घरं किती हायेत?"

मला सांगता आलं नाही.

"मंग काय पाह्यलं व तू? पट तर कागदावरबी सापडते."

गेल्या हिवाळ्यात आजी गेली. तिच्या तेराव्याला आलेल्या दोन मुली डी.एल.एड. ही शिक्षक होण्याची पदविका करत होत्या. त्यांनी मला विचारलं, "ताई, पहिल्या वर्षी काय करायचं?" तेव्हा माझ्या तोंडून सगळं आजीचंच निघालं. तेच इथं लिहिते आहे.

परीक्षांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सांगणारे पुष्कळ आहेत. पहिली ते पाचवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर 150 गुणांचा असतो आणि खुल्या प्रवर्गाला 60 टक्के लागतात. त्यानंतरची, शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी मी 2023 मध्ये दिली. दोन तासांत 200 प्रश्न होते, 120 अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. वेळ लावून सराव करा, दुसरा उपाय नाही. पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर पसंतीक्रम भरताना मात्र नुसतं जिल्ह्याचं नाव पाहू नका. आपण त्या भागात राहू शकू का, हे आधी स्वतःला विचारा. रोज साठ किलोमीटर ये-जा करणारा शिक्षक गावात फक्त शाळेच्या वेळेपुरता असतो.

आणि पैशाची तयारी ठेवून जा. पहिली तीन वर्षं मानधन मिळतं. 2023 पासून ते महिन्याला 16,000 झालं, त्याआधी 6,000 होतं. शालार्थमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, नाव चढेपर्यंत हातात काही येत नाही. माझे चार महिने तसेच गेले. खोलीचं भाडं आजीनं तिच्या पेन्शनमधून दिलं. परत द्यायला गेले तर म्हणाली, "शायेसाठी दिले, तुले नाही दिले."

आजी 1958 मध्ये नोकरीला लागली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आमचा भाग दोनच वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, आणि शाळा अजून जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक संस्थेच्या, होत्या. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळेवरची पाटी बदलली. तिचं सगळं आयुष्य वर्धा जिल्ह्यात गेलं. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून हातकामातून शिकवायची गांधीजींची नई तालीम पुढं आली, आणि तिच्या प्रशिक्षणातही सूतकताई होती. ऐंशी पार केल्यावरही सूत कातायची टकळी हातात दिली की बोटं आपोआप फिरायची. हाताला काम दिलं की पोरगं बसतं, यावर तिचा पक्का विश्वास होता. 1996 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी ती निवृत्त झाली, पण शिकवणं थांबलं नाही. पुढचा वर्ग आम्ही नातवंडं होतो.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सकाळीच अंगणातल्या खाटेवर जुनं लुगडं पसरून ती मुंगवड्या घालायची. आम्ही ओळी लावायचो. एका ओळीत दहाच. दहा ओळी झाल्या की शंभर. सुट्या उरल्या त्या वेगळ्या. दशक-एकक हे शब्द मी नंतर शाळेत ऐकले, पण ते काय असतं हे मला आधीच ठाऊक होतं, कारण ते मी घातलं होतं, वाळवलं होतं आणि खाल्लंही होतं. आज माझ्या वर्गात मुंगवड्यांच्या जागी चिंचोके आहेत. पहिली ते चौथी एकत्र बसतात, त्यामुळे एका गटाला हाताचं काम दिल्याशिवाय दुसऱ्या गटाकडे वळता येत नाही. बहुवर्ग अध्यापन प्रशिक्षणात ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात डोकं भणाणतं. सोबत चिंचोके, काड्या, खडे ठेवा.

माझी शाळा कोलाम पोडाला, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीला, लागून आहे. निम्मी मुलं घरी कोलामी बोलतात, उरलेली वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी दोघांनाही परकी. पहिले पंधरा दिवस पहिलीतली मुलं माझ्याकडे नुसती पाहत राहिली आणि मला वाटलं, यांना काहीच येत नाही. आजीला फोनवर सांगितलं तर ती चिडली. "त्याईले येते. तुले येत नाही." मग म्हणाली, "पाण्याले ते काय म्हणतात, विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी विचारलं. पाणी, भाकर, बैल, पाऊस, आई. मुलं सांगत गेली, मी देवनागरीत फळ्यावर लिहीत गेले, शेजारी मराठी शब्द. माझा उच्चार चुकला की सगळा वर्ग दुरुस्त करायचा. एक मुलगी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तीच उठून माझ्याजवळ आली आणि हळूहळू, तोंड उघडून, मला तो शब्द म्हणून दाखवला. त्या दिवसापासून ती बोलते आहे. ती शब्दांची वही आता दुसरी भरत आली.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली आणि हजेरी निम्म्यावर आली. चौथीतली एक मुलगी आठ दिवस आली नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी तिच्या आईला चारचौघांत बोलले, की मुलीचं नुकसान करताय. ती माउली खाली मान घालून बसली. नंतरचे आठ दिवसही मुलगी आली नाही.

आजीनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिच्या घरी किती खेपा गेली?"

एकही नाही.

गेले. आईबाप दिवस उगवायच्या आत वेचणीला निघतात. मजुरी किलोवर असते, जितका कापूस वेचला तितके पैसे. घरात दोन वर्षांचा भाऊ, त्याला सांभाळायला हीच. मी आधी त्या आईची माफी मागितली. मग मुख्याध्यापकांशी बोलून सांगितलं, भावाला घेऊन ये. आजीनं हेच केलं होतं म्हणे. तिच्या वर्गात एका कोपऱ्यात कायम एखादं लेकरू पोत्यावर झोपलेलं असायचं, आणि त्याची बहीण पाढे म्हणायची.

म्हणून सांगते, रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी जा. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, पोषण आहाराची नोंदवही, केंद्रप्रमुखांनी मागितलेले तक्ते, हे सगळं कामच आहे आणि चुकवता येत नाही. पण ते संध्याकाळी कंदिलातही होतं, असं आजी म्हणायची. घरी जायची वेळ मात्र ठरलेली असते. वेचणीच्या दिवसांत दिवेलागणीनंतर, नाही तर कोणी सापडत नाही. वही घेऊन जाऊ नका, लोकांना सर्वेक्षण वाटतं. चहा दिला तर घ्या. पोराची तक्रार पहिल्या खेपेत करू नका. त्याला काय चांगलं येतं, ते सांगा. तेवढं सांगता येण्यासाठी आधी त्याच्याकडे नीट पाहिलेलं असावं लागतं.

दर नोव्हेंबरात मी आजीला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचे. शेवटच्या खेपेला रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या कास्तकारानं तिला ओळखलं आणि स्वतःची जागा दिली. त्यानं नाव सांगायच्या आत आजीनंच सांगितलं. नंतर त्याच्या घराचा पत्ता सांगितला. मारुतीच्या देवळामागं, निंबाच्या झाडाजवळ, दाराला कडी नव्हती, सुतळी बांधायचे.

माझ्या पोडावर घरं 41 आहेत. त्यातल्या 6 घरी जायचं अजून राहिलं आहे.