दुकानाचा क्यूआर कोड: छापण्याआधी काय ठरवायचं, लावल्यावर काय तपासायचं

तुळजापुरातलं प्रसाद-कुंकवाचं दुकान असो, पैठणचं पैठणीचं असो, नाहीतर आठवडी बाजारातला हळद-मिरचीचा गाडा. गल्ल्याशेजारी 'स्कॅनर' असतोच. बहुतेकांचा तो फक्त पैसे घेण्यापुरता. अशाच दुसऱ्या चौकोनातून ऑर्डर येऊ शकते, दुकानाचा पत्ता पोचू शकतो. मात्र छापलेला कोड नंतर खोडरबरने दुरुस्त करता येत नाही, म्हणून कुठला कोड कशासाठी आणि कुठून घ्यायचा, हे छापण्याआधी नीट ठरवा.

पैशाचा कोड. हा कुठल्याही फुकट वेबसाइटवर बनवू नका. तुमची बँक, भीम, फोनपे, गुगल पे यांपैकी कुणाकडेही व्यापारी म्हणून नोंदणी करा आणि त्यांनी दिलेलाच कोड लावा. नोंदणीत दुकानाचं नाव पाटीवर आहे तसंच द्या. गिऱ्हाईक स्कॅन करतं तेव्हा त्याला नाव दिसतं. पाटीवर एक आणि फोनवर मेहुण्याचं नाव आलं की त्याचा अंगठा तिथेच थांबतो, आणि ते बरोबरच आहे.

ऑर्डरचा कोड. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकानाचा क्यूआर तयारच मिळतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने पहिला मेसेजही आधीच लिहून ठेवता येतो, उदाहरणार्थ 'एक किलो पेढा हवा आहे, कधी मिळेल?' हा कोड पिशवीवर, बिलावर, खोक्याच्या झाकणावर छापा; भूमचा पेढा पुण्याला गेला तरी दुसरी ऑर्डर तिथून येते. एकच सांभाळा: त्यातलं 'रीसेट' दाबलंत की आधी छापलेले सगळे कोड निकामी होतात.

पत्त्याचा कोड. वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावर दुकान असेल तर हा हवाच. गुगल मॅपवर दुकान नोंदवा, त्याची लिंक क्रोममध्ये उघडा आणि शेअरमधून क्यूआर कोड काढा. पैसे लागत नाहीत.

इथे एक खाचखळगा आहे. बऱ्याच वेबसाइट 'डायनॅमिक' कोड देतात. त्यात तुमची लिंक नसते, त्या कंपनीची असते आणि तिथून गिऱ्हाईक तुमच्याकडे वळवलं जातं. लिंक नंतर बदलता येते ही सोय खरी, पण फुकटची मुदत संपली की कोड बंद पडू शकतो. हजार पिशव्या छापून झाल्यावर हे कळणं महागात पडतं. छोट्या दुकानाला 'स्टॅटिक' पुरतो. लिंक त्यातच असते, मुदत नसते.

छपाई. काळा कोड, पांढरा कागद. फ्लेक्सवाला लाल-पिवळ्यात रंगवू म्हणाला तर नको म्हणा. चारही बाजूंना कोरी जागा हवी, किमान कोडमधल्या चार ठिपक्यांइतकी. आकार साधारण अंतराच्या दहाव्या भागाइतका: मीटरभर लांबून स्कॅन व्हायचा असेल तर 10 सेंटिमीटर. मध्ये छोटा लोगो चालतो, कारण हा कोड 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी वाहनांच्या सुट्या भागांसाठी बनवला तो कारखान्यात मळला, फाटला तरी वाचता यावा असाच. कोडमध्ये चूक भरून काढण्याच्या ('एरर करेक्शन') पातळ्या असतात; सर्वात वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो चालतो. पण ही सवलत लोगोतच उडवली तर हळदीच्या डागांसाठी काही उरत नाही.

फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की कडा पुसट होतात. लॅमिनेशन मॅट घ्या. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन चकचकीत प्लास्टिकवर पडलं की फोनला नुसता पांढरा डाग दिसतो. म्हणून आधी एकच प्रत काढा, भर दुपारी जागेवर ठेवा, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने स्कॅन करून बघा आणि मगच बाकीची छपाई सांगा.

लावल्यावर. रात्री कुणी तुमच्या कोडवर आपलं स्टिकर चिकटवून जातं आणि दिवसभराचा धंदा दुसऱ्याच्या खात्यात. कोड काचेखाली ठेवा आणि शटर उघडल्यावर स्वतः स्कॅन करून नाव बघा.

पैसे आले की नाही हे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवरून ठरवू नका, तसा खोटा सहज बनतो. आपला साउंड बॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये नोंद दिसली तरच माल द्या. गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला हे बजावून ठेवा, आणि हेही की पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असा फोन आला तर तो फसवणुकीचाच. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि लगेच बँकेलाही कळवा.