कॉपी केसची नोटीस आली तर: खुलासा, कागद आणि पोच

सेमिस्टरचा निकाल लागतो, आपला तेवढा राखून ठेवलेला असतो आणि काही दिवसांनी कॉलेजमधून फोन येतो, "तुझ्या नावाची नोटीस आलीय, येऊन घेऊन जा." तिथून पुढे काय काय करायचं ते लिहितेय. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत परीक्षेतल्या गैरप्रकाराबद्दल जी नोटीस निघते ती मुख्यतः डोळ्यांसमोर आहे. हॉस्टेलच्या किंवा वर्गातल्या गैरवर्तनाच्या नोटिशीलाही यातलं बरंचसं लागू पडतं. माझा खुलासा वेळेत दिलेला होता, मुद्देही बरोबर होते, आणि आदेशात मात्र छापून आलं, "विद्यार्थिनीने खुलासा सादर केला नाही." दिल्याची पोच माझ्याकडे नव्हती. म्हणून या यादीत पोच पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

नोटीस घेताना सही मागतील. सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हातानं घाला. पोस्टानं आली असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का लागतो. व्हॉट्सॲपवर आली असेल तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट. खुलाशाची मुदत नोटिशीच्या तारखेपासून की मिळाल्यापासून, ते नीट वाचा, आणि कळत नसेल तर जी मुदत आधी संपेल ती धरून चाला. मुदत पुरणार नसेल तर ती संपायच्या आत वाढवून मागा, लेखी. त्या अर्जाचीसुद्धा पोच घ्या.

घरी सांगा, त्याच दिवशी. लपवून ठेवलेली नोटीस मुलांना आतून खाते. फारच घुसमट होत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता नोटीस सावकाश वाचा. कोणत्या पेपरची, कोणत्या दिवसाची, आसन क्रमांक बरोबर आहे का, कोणत्या नियमाखाली, नेमका आरोप काय, आणि शिक्षा काय होऊ शकते हे लिहिलंय का. "परीक्षेत गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले" एवढ्यावर कुणी खुलासा देऊ शकत नाही. तसं असेल तर आधी तपशील मागणारं पत्र द्या. जवळ चिठ्ठी सापडणं वेगळं आणि तिच्यातून उत्तर उतरवणं वेगळं. विद्यापीठांच्या शिक्षेच्या तक्त्यात सहसा या दोन वेगवेगळ्या ओळी असतात आणि दुसरीची शिक्षा जास्त कडक असते. तुमच्यावर कोणती ओळ लावलीय ते शोधून काढा. हा तक्ता विद्यापीठाच्या वेबसाइटवर अध्यादेशांमध्ये किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकांमध्ये मिळतो. तो छापून घ्या. ऑफिसातल्या माणसानं तोंडी सांगितलेल्या शिक्षेवर विसंबू नका.

कागद मागायचं पत्र पहिल्याच दिवशी गेलं पाहिजे. कनिष्ठ पर्यवेक्षकाचा अहवाल, वरिष्ठ पर्यवेक्षकाचा किंवा भरारी पथकाचा शेरा, जप्त केलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स, जप्त केलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, आणि हॉलमध्ये तुमच्याकडून लिहून घेतलेला जबाब. जबाब तर हवाच. त्या गडबडीत, घाम फुटलेला असताना, समोरचे सर सांगतील ते आपण लिहून देतो आणि नंतर काय लिहिलं ते आठवत नाही. चौकशीत सगळ्यात आधी तोच कागद तुमच्यासमोर धरतील. वर्गात कॅमेरा असेल तर त्या दिवसाचं, त्या वेळेचं, त्या खोलीचं फुटेज जपून ठेवावं, असं त्याच पत्रात लिहा. जुन्या फुटेजवर नवीन चढत जातं, महिन्याभरानं मागून हाती काही लागत नाही. पुढे ते "उपलब्ध नाही" म्हणाले तर तुम्ही केव्हा मागितलं होतं ते दाखवता आलं पाहिजे. कशानं दाखवाल? पोचेनं.

माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाकून ठेवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि सुनावणी त्याआधीच होऊन जाऊ शकते, म्हणून सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका या कायद्याखाली बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय.

हक्कांबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक, "विद्यापीठापुढे काही चालत नाही." दोन, "कोर्टात खेचतो सगळ्यांना." दोन्ही सोडा. १९५४ मध्ये उत्तर प्रदेशात इंटरमिजिएटच्या परीक्षेत तीन विद्यार्थी पास झाले, मग गैरप्रकाराच्या आरोपावरून बोर्डानं त्यांचे निकाल रद्द केले आणि पुढच्या परीक्षेलाही बसू दिलं नाही, तेही त्यांचं म्हणणं न ऐकता. घनश्याम दास गुप्ता यांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये निकाल आला की अशी शिक्षा देण्याआधी विद्यार्थ्याला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. हा तुमचा पाया. पण त्यावर मनाला येईल तेवढं चढवता येत नाही. रांचीच्या मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात, हिरानाथ मिश्रा, १९७३, मुलींच्या हॉस्टेलमध्ये घुसलेल्या विद्यार्थ्यांना तक्रारदार मुलींची उलटतपासणी नाकारली तरी चौकशी योग्यच ठरली. आत वकील न्यायचा हक्कही आपोआप मिळत नाही. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, आरोप खरा असण्याची शक्यता जास्त आहे असं समितीला वाटलं तरी पुरतं. "सिद्ध करून दाखवा" एवढंच म्हणत बसलात तर हातचं जाईल. कागद मागताना "माझा हक्क आहे" याच्यापुढे आणखी एक ओळ लिहा: हा कागद मला कशासाठी हवा आणि तो नसेल तर मी कशाचं उत्तर देऊ शकत नाही.

प्रकरण रॅगिंगचं असेल तर वाट वेगळी आहे. १९९९ च्या राज्याच्या कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते आणि तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर कॉलेजमधून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नका. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे असेल तर तक्रारीची प्रत मिळाल्यापासून उत्तराला दहाच दिवस असतात, आणि तक्रारदार मुलीला फोन किंवा मेसेज करायचा नाही, मित्राकरवीही नाही.

खुलासा कसा लिहायचा. खरं लिहा, हे आधी. चिठ्ठी तुमचीच असेल तर "माझी नाही" लिहू नका, अक्षर जुळवून बघतात. तुमची आहे, पण उत्तरपत्रिकेत त्यातलं काहीच उतरवलेलं नाही, तर अगदी तेवढंच लिहा आणि उत्तरपत्रिका तपासून बघायची विनंती करा. ऑफिसात कुणीतरी मायेनं सांगेल, "कशाला एवढं लिहितेस, माफीनामा दे, विषय मिटेल." विषय मिटत नाही. तो माफीनामा सगळ्या आरोपाची कबुली म्हणून फाइलला लागतो. माफी मागायची असेल तर नेमक्या कशाची ते लिहून मागा. नोटिशीतल्या मुद्द्यांच्या क्रमानं उत्तर द्या, प्रत्येक तारीख घाला, आजारपणाचा संबंध असेल तर कागद जोडा, पर्यवेक्षकांना नावं ठेवू नका. दोन पानं पुरतात. शेवटी प्रत्यक्ष सुनावणी मागा आणि खाली लिहा: सोबत अमुक इतकी पानं, एक ते अमुक.

आणि आता पोच. खुलाशाच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर मूळ सही. दोन्ही घेऊन आवक-जावक विभागात जायचं. एक ते ठेवतील, दुसरीवर पहिल्या पानाच्या वर गोल शिक्का, त्यात आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही. चारही दिसल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. शिक्का पुसट उठला तर "परत मारता का" म्हणायचं, लाजायचं नाही. नुसता शिक्का आणि आत क्रमांक नाही, असंही करतात. मग रजिस्टरला नोंद झालेलीच नसते. क्रमांक घालून घ्या आणि रजिस्टरच्या त्या ओळीवर एकदा नजर टाका, तुमचंच नाव आहे ना. "ठेवून जा, साहेब आले की देते" याला हो म्हणायचं नाही. "शिक्क्याची चावी मॅडमकडे आहे" तर मॅडम येईपर्यंत थांबायचं. ओळखीच्या सरांच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. ते भले असतील, विसरणारही नाहीत, पण त्यांच्या हातात दिल्याची नोंद कुठेच होत नाही. माझा खुलासा असाच गेला.

कॉलेज म्हणेल, विद्यापीठात द्या. विद्यापीठ म्हणेल, प्राचार्यांमार्फत या. दोन्हीकडे द्या, दोन्हीकडची पोच घ्या. त्याच दिवशी स्कॅन करून अधिकृत ईमेलवर पाठवा, विषयात आसन क्रमांक आणि नोटिशीचा जावक क्रमांक. काउंटरवर पोच देतच नसतील तर स्पीड पोस्ट करा, पावती ठेवा आणि ट्रॅकिंगमध्ये "वितरित" दिसलं की त्याची प्रिंट काढा. हीसुद्धा पोचच. पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. नोटीस, कागद मागणारं पत्र, मुदतवाढीचा अर्ज, खुलासा, पुढे अपील: जावक त्यांचा असेल तिथे पाकीट, आवक त्यांचा असेल तिथे पोच. एकही कागद याच्याशिवाय जाता कामा नये.

सुनावणीला वेळेआधी जा, ओळखपत्र आणि सगळी फाइल घेऊन. खुलाशाची पोच वरच ठेवा, "तुम्ही काही दिलंच नाही" असं पहिलंच वाक्य येऊ शकतं. विचारलं तेवढंच बोला. शेवटी हजेरीची किंवा जबाबाची सही मागतील. वाचल्याशिवाय करायची नाही, चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून मागायचं, नाही केलं तर सहीशेजारी तसं लिहायचं. जाता येत नसेल तर आधी लेखी कळवा, नाहीतर निर्णय एकतर्फी होतो. घरी आल्यावर काय विचारलं, काय सांगितलं ते त्याच रात्री लिहून काढा.

आदेश लेखी मागा. त्यात कारणं आहेत का, तुमच्या खुलाशाचा उल्लेख आहे का, आरोपापेक्षा शिक्षा मोठी आहे का, ते बघा. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, ते नियमांत असतं.

कागद अडवून ठेवणं, निकाल विनाकारण लांबवणं, मूळ प्रमाणपत्रं परत न देणं अशा तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिला कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयावर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं.

चौकशी चालू असली तरी पुढच्या परीक्षेचा अर्ज भरा. घेत नसतील तर तात्पुरत्या परवानगीचा अर्ज द्या, तोही पोच घेऊन. तारीख गेली तर निर्दोष सुटूनही सहा महिने जातात.

एवढ्यानं नाही झालं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेतच, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही आहे. पुरावा पुन्हा तोलून बघायला न्यायालय सहसा तयार नसतं, बाजू ऐकून घेतली का आणि नियम पाळले का ते बघतं. उशीर करू नका. मुली आणि अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००.