पावसाळ्यातील कासदाहाच्या नोंदी आणि वळूची निवड

पावसाळी दमट हवेत गोठ्यातील जमीन कोरडी राहत नाही, शेण-चिखलाने माखलेल्या सडांच्या छिद्रांतून जिवाणू कासेत शिरतात आणि कासदाह, म्हणजे कासेची सूज, वाढतो. याच दिवसांत असेही आढळते की एकाच दावणीला, एकाच वैरणीवर असलेल्या गायींपैकी काहींना वेतागणिक कासदाह होतो, तर काहींना तो सहसा होतच नाही. या फरकाचा मोठा भाग वय, विण्यानंतरचे दिवस, दूध काढण्याची पद्धत आणि गोठ्याची स्वच्छता यांचा असतो. थोडा भाग मात्र आनुवंशिक असतो आणि पुढच्या पिढीत तेवढाच उतरतो.

म्हणून पशुपालकांनी या हंगामात प्रत्येक जनावराची स्वतंत्र नोंद ठेवावी. तारीख, कितवे वेत, विऊन झालेले दिवस, बाधित सड आणि केलेला उपचार एवढे लिहिले तरी पुरे. प्रत्येक धारेपूर्वी पहिल्या चिळा काळ्या तळाच्या भांड्यात काढून गाठी दिसतात का, ते पाहावे. सुप्त कासदाह डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दुधातील पेशींची तपासणी महिन्यातून एकदा करून घ्यावी. ही संख्या मिलिलिटरमागे २ लाखांच्या वर सातत्याने राहत असल्यास कासेत संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते.

या नोंदी वापरताना घाई करू नये. लक्षणे दिसणाऱ्या कासदाहाची आनुवंशिकता (जनावराजनावरांतील फरकात वंशाचा वाटा) जेमतेम २ ते ५ टक्के, तर पेशीसंख्येची साधारण १० ते १५ टक्के असते. त्यामुळे गाय एकदा आजारी पडली म्हणून तिची कालवड वाईट ठरत नाही आणि गाय निरोगी राहिली म्हणून कालवड प्रतिकारक्षम निघेलच असेही नाही. वळूचे मात्र वेगळे आहे. त्याच्या शंभर-दोनशे मुली निरनिराळ्या गोठ्यांत दूध देत असतात आणि त्यांच्या नोंदी एकत्र केल्या की गोठ्यागोठ्यातील फरक बाजूला पडून त्याचा आनुवंशिक वाटा दिसू लागतो. नॉर्वेमध्ये १९७८ पासून कासदाहाच्या नोंदी वळूंच्या निवडीत धरल्या जातात, आणि त्यामागे तेथील पशुपालकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने भरलेल्या आरोग्यपत्रिका आहेत.

केवळ दुधावर निवड करणे येथे महागात पडते, कारण जास्त दूध आणि कासदाहाची प्रवृत्ती यांचा आनुवंशिक संबंध प्रतिकूल आहे. फ्रान्समधील लाकोन मेंढ्यांत एका जनुकातील बदलामुळे वजन आणि दूध वाढते, पण कासदाहही वाढतो, असे आढळले आहे.

वराहपालकांसाठी एक वेगळी सूचना. काही डुकरांच्या आतड्यात ई. कोलाय या जिवाणूच्या एफ-४ प्रकाराला चिकटायला जागाच नसते, त्यामुळे त्यांना त्या जिवाणूची हगवण होत नाही. परंतु अशा प्रतिकारक मादीला संवेदनक्षम (ती हगवण होऊ शकणारा) नर दिल्यास पिल्ले संवेदनक्षम निघू शकतात आणि आईच्या चिकात त्या जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये पुरेशी नसल्याने त्यांना धोका अधिक राहतो. म्हणून नर व मादी दोघांची तपासणी करूनच जोडी ठरवावी.

एका जिवाणूविरुद्धचा प्रतिकार दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडेल, असे गृहीत धरू नये. घटसर्प व फऱ्या या जनावरांच्या जिवाणूजन्य रोगांची लस पावसापूर्वी प्रत्येक जनावराला द्यावी, मग त्याचे वंशवृत्त कितीही चांगले असो. रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य) निवडताना वळूच्या मुलींच्या दुधासोबत त्यांची पेशीसंख्या आणि कासेची ठेवण यांची माहिती मागावी. घोट्याच्या खाली लोंबणारी कास चिखलात लवकर माखते, त्यामुळे घट्ट बांधलेल्या कासेच्या मुली देणारा वळू पसंत करावा.