दिवस भरायच्या आत कळा आल्या तर

बीपीमुळे माझं बाळंतपण जोखमीचं, म्हणून सातव्या महिन्यातच दाराशी पिशवी तयार होती: फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड. तुम्हीही ठेवाच. बीपी पाच मिनिटं शांत बसून मोजा. १४०/९० किंवा वर दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळाची हालचाल मंदावणं, ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने पोट कडक होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा. सासूबाई म्हणतील, "थोडं पडून बघ." नाही, निघाच. एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, असलेलं रुग्णालय आधीच ठरवा. वेळेत पोचलात तर बाळाच्या फुप्फुसांसाठी तुम्हाला स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा, बाबांनीसुद्धा.